टॉन्सिल गेले, घसा राहिला

टॉन्सिल काढून टाकलेल्या मुलाचाही घसा दुखतो, लाल होतो, त्याला तापही येतो. डॉक्टरांच्या लेखी यात नवल काही नाही. नवल वाटते ते आईवडिलांना, आणि त्याचे मूळ बहुधा शस्त्रक्रियेआधीच्या बोलण्यात असते. ‘गाठी काढल्या की कटकट मिटली’ हे वाक्य दवाखान्याच्या बाकावर, नातेवाइकांत आणि कधी कधी खुद्द डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकू येते. शस्त्रक्रियेचा लाभ खरा आहे. पण तो ठरावीक मुलांपुरता आहे आणि बराचसा पहिल्या एक-दोन वर्षांतला आहे. तो किती झाला हे मोजल्याशिवाय कळत नाही. ऑपरेशन करायचे की नाही हे ठरवताना आणि पुढे पुन्हा दुखू लागलेल्या घशाकडे पाहताना, दोन्ही वेळा गडबड होते ती ही मोजणी टाळून आठवणीवर विसंबल्यामुळे.

टॉन्सिल म्हणून ज्या दोन गाठी सगळ्यांना ठाऊक असतात, त्या पडजिभेच्या दोन्ही बाजूंना, टाळूच्या कमानींच्या खोबणीत बसलेल्या असतात. घशातले लसिका-ऊतक तेवढ्यावर संपत नाही. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डेयर यांनी १८८४ साली या ऊतकाच्या एका पूर्ण कड्याचेच वर्णन करून ठेवले. नाकाच्या मागे ॲडिनॉइड, कानाच्या नळीच्या तोंडाशी थोडे ऊतक, जिभेच्या मुळाशी आणखी एक टॉन्सिल, घशाच्या दोन्ही बाजूंना उभे पट्टे आणि मागच्या भिंतीवर विखुरलेले बारीक दाणे, असे ते कडे आहे. नेहमीच्या शस्त्रक्रियेत त्यातल्या दोन गाठी निघतात, गरज असेल तर ॲडिनॉइडही काढले जाते. उरलेले कडे जागच्या जागी राहते आणि घशाचे अस्तर तर सबंधच राहते. नाकातोंडातून आत येणारे जंतू या अस्तराला आणि उरलेल्या ऊतकाला पूर्वीसारखेच गाठतात.

मग टॉन्सिल काढल्याने फरक तरी का पडावा? त्याचे उत्तर गाठींच्या घडणीत आहे. प्रत्येक टॉन्सिलच्या पृष्ठभागावर दहा ते तीस खोल खाचा असतात आणि त्या आत फांद्याफांद्यांनी पसरतात. आत आलेला जंतू पेशींच्या ओळखीचा व्हावा, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार व्हावीत, यासाठीच ही रचना आहे. पण याच खाचांत अन्नाचे कण, मृत पेशी आणि जंतूंचे चिवट थर साचून राहतात. काही मुलांत तिथे जंतू असे ठाण मांडतात की औषधाचा कोर्स संपला की पंधरवड्यात पुन्हा ताप. अशा मुलाच्या गाठी काढल्या की जंतूंचा तो अड्डा जातो आणि आजाराचा तो प्रकार खरोखर कमी होतो. ज्या मुलाचा घसा दर वेळी वेगळ्या विषाणूने धरतो, त्याला मात्र या खाचा असल्या काय आणि नसल्या काय, फारसे काही बदलत नाही.

आणि मुलांच्या घसादुखीत मोठा वाटा विषाणूंचाच असतो. सर्दीचे ऱ्हायनोव्हायरस, ॲडिनोव्हायरस, इन्फ्लुएन्झा, तोंडात फोड आणणारे कॉक्सॅकी, कोरोना कुळातले विषाणू अशी ही यादी लांबलचक आहे. घशाच्या जिवाणूंत महत्त्वाचा आहे तो अ गटाचा स्ट्रेप्टोकोकस. घसा दुखतो म्हणून दवाखान्यात आणलेल्या मुलांपैकी साधारण २० ते ३० टक्क्यांत तो कारण असतो. पाच ते पंधरा या वयात त्याचा जोर जास्त आणि तीन वर्षांखाली तो क्वचित. म्हणजे शाळकरी वयातही दहा घसादुख्यांतल्या सात-आठ अशा असतात, की ज्यांना प्रतिजैविकाचा उपयोग नाही आणि टॉन्सिल काढल्याचाही फारसा नाही. बालवाडीत किंवा पाळणाघरात नुकतेच जाऊ लागलेले मूल वर्षाला सहा-आठ वेळा सर्दीतापाने आजारी पडते, हा लहान वयाचा नेम आहे. त्याचे खापर गाठींवर फोडणे सोपे असते, कारण त्या दिसतात.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन आठवडे हा एक स्वतंत्र विषय आहे, आणि ‘संसर्ग झाला’ अशी सर्वाधिक चुकीची हाकाटी याच काळात होते. गाठी काढल्या की दोन्ही बाजूंना उघडी जखम उरते. तिला टाके नसतात, वर पट्टीही बांधता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर फायब्रिनचा पांढरट-पिवळसर थर चढतो. पाचव्या-सहाव्या दिवशी बॅटरीचा उजेड पाडून पाहिले, तर पडजिभेच्या दोन्ही अंगांना साय धरावी तसे जाड पांढरे पापुद्रे दिसतात, कडा लालसर असतात, पडजीभ स्वतः थोडी सुजून लोंबत असते आणि तोंडाला उग्र वास मारतो. पाहणाऱ्याला हा पू वाटणारच. प्रत्यक्षात ती खपली आहे. गुडघा खरचटल्यावर तपकिरी खपली धरते. घशात सतत लाळ असल्याने ती पांढरी आणि ओली राहते. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान ती आपोआप सुटते आणि आत गुलाबी अस्तर भरत येते. ती बोटाने किंवा कापसाने पुसून काढण्याचा प्रयत्न करणे म्हणजे रक्तस्रावाला निमंत्रण.

याच दिवसांत मूल कान दुखतो म्हणून रडते. कान तपासला तर पडदा स्वच्छ असतो. टॉन्सिलच्या जागेला आणि मध्यकर्णाला संवेदना पुरवणारा मज्जातंतू एकच असल्याने घशातली कळ कानात उमटते. पहिले एक-दोन दिवस अंग थोडे गरम राहणेही ठरलेलेच. यांपैकी कशालाच प्रतिजैविक लागत नाही. शस्त्रक्रियेनंतर सरसकट प्रतिजैविके दिल्याने वेदना किंवा रक्तस्राव कमी होत नाही, हे चाचण्यांतून दिसून आले आहे; अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने तर २०११ च्या आणि पुन्हा २०१९ च्या मार्गदर्शिकेत ती देऊ नयेत असेच सांगितले आहे. तरीही डिस्चार्जच्या कागदावर पाच दिवसांचे सिरप लिहिलेले नाही, असे आपल्याकडे विरळाच घडते. ते लिहिले नाही तर पालकांना उपचार अपुरा वाटतो आणि लिहिले तर पुढच्या प्रत्येक घसादुखीला तेच लागते अशी समजूत पक्की होते.

या पंधरवड्यात मुलाला खरी गरज असते ती वेदना कमी ठेवण्याची आणि पाणी पोटात जाण्याची. पॅरासिटामॉल, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास आयबुप्रोफेन, वेळेवर दिले तर मूल गिळते. गिळले तर घशाचे स्नायू हलते राहतात, खपली मऊ राहते आणि दुखणे आणखी कमी होते. दुखते म्हणून गिळायचे नाही आणि गिळले नाही म्हणून जास्त दुखते, अशा फेऱ्यात अडकलेले मूल तिसऱ्या-चौथ्या दिवशी सलाइन लावण्याच्या अवस्थेत परत येते. कोडीनयुक्त औषध बारा वर्षांखालच्या मुलाला अजिबात द्यायचे नाही. काही मुलांच्या शरीरात त्याचे मॉर्फीनमध्ये रूपांतर इतक्या झपाट्याने होते की श्वास मंदावतो, आणि २०१३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याच शस्त्रक्रियेच्या संदर्भात त्यावर कडक इशारा छापायला लावला. खाण्यात मऊ भात, पेज, शिरा, थंड दूध यांनी सुरुवात करणे सोयीचे; मात्र मुलाला पोळी चावावीशी वाटली तर अडवण्याचे कारण नाही. आइस्क्रीमवरून घरोघरी होणारा वाद आजी हरण्यासाठीच असतो: थंडाने घशाला संसर्ग होत नाही, जखमेला आराम मात्र पडतो.

रक्ताचे मात्र वेगळे आहे. खपली सुटण्याच्या काळात, म्हणजे पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान, शंभरातल्या काही मुलांना पुन्हा रक्तस्राव होतो. थुंकीत ताजे लाल रक्त दिसले, मूल झोपेत वारंवार गिळताना आढळले किंवा काळपट रक्ताची उलटी झाली, तर थांबून पाहायचे नसते. मोठ्या रुग्णालयात न्यायचे असते. शहरात ऑपरेशन करून दुसऱ्या दिवशी एसटीने दूरच्या तालुक्याला परतणाऱ्या कुटुंबांना हा भाग ठळकपणे सांगायला हवा, कारण त्यांच्या लेखी तोवर ऑपरेशन ‘झालेले’ असते.

जखम भरल्यानंतरच्या महिन्यांत आणि वर्षांत काय घडते, याबद्दलचे सर्वांत भरीव काम अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या जॅक पॅराडाइझ यांनी केले. त्यांनी शस्त्रक्रियेसाठी कडक अट घातली. मागच्या एका वर्षात किमान सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दर वर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दर वर्षी तीन वेळा घसा धरलेला असला पाहिजे. नुसते ‘दुखतो’ म्हणून एक वेळ मोजली जात नाही. त्या वेळी ३८.३ अंश सेल्सिअसच्या वर ताप, मानेत दुखऱ्या किंवा मोठ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरा थर किंवा स्ट्रेपची खात्री, यांपैकी काहीतरी असायला हवे आणि ते तेव्हाच नोंदलेले असायला हवे. अशा खरोखर त्रासलेल्या १८७ मुलांचा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ९१ मुलांचे गट चिठ्ठी टाकावी तसे यदृच्छेने पाडले होते. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना पहिली दोन वर्षे घशाचे आजार स्पष्टपणे कमी झाले. तिसऱ्या वर्षी फरक तसाच पण पुसट होता. या निष्कर्षाचा दुसरा अर्धा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही: ज्यांची शस्त्रक्रिया झाली नाही, त्यांतल्याही बऱ्याच मुलांचे आजार त्या वर्षांत उतरणीला लागले आणि उरले ते बहुतेक सौम्य होते.

कमी त्रास असलेल्या मुलांवर पॅराडाइझ यांनीच २००२ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांचा निष्कर्ष आणखी सरळ होता. लाभ होतो, पण इतका थोडा की त्यासाठी भूल, वेदना आणि रक्तस्रावाचा धोका पत्करणे समर्थनीय नाही. नेदरलँड्समध्ये दोन ते आठ वयाच्या ३०० मुलांवर झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तापाच्या प्रसंगांतला फरक वर्षाला एक पंचमांश प्रसंग इतकाच निघाला, आणि तोही पहिल्या सहा महिन्यांतलाच. अनेक चाचण्या एकत्र करून २०१४ साली केलेल्या कॉक्रेन आढाव्यात ऑपरेशन झालेल्या मुलांना पहिल्या वर्षात सरासरी ३.० वेळा घसादुखी झाली, न झालेल्यांना ३.६ वेळा. वर त्या तीनपैकी एक वेळ म्हणजे खुद्द ऑपरेशनचे दुखणे.

हे तीन आकडे, म्हणजे तीन, साडेतीनच्या वर थोडे आणि त्यातले एक ऑपरेशनचे, पालकांना आधी सांगितले तर काय होईल? काही जण ऑपरेशन टाळतील. काही जण करतील, आणि त्यांनी करणे रास्तही असेल, कारण सरासरीत ज्या मुलाला वर्षात आठ वेळा अंथरूण धरावे लागले तेही असते आणि ज्याला तीनदाच लागले तेही. लाभ पहिल्याला जास्त. पण ऑपरेशननंतर वर्षभरात दोनदा घसा दुखला, म्हणून कोणी फसवणूक झाली असे म्हणणार नाही. सरासरी दोन दुखण्यांची पूर्वकल्पना त्यांना आधीच असेल.

अडचण अशी की पहिले मूल कोणते आणि दुसरे कोणते हे आठवणीवरून ठरते. पॅराडाइझ यांनी हेही तपासून पाहिले होते. ज्यांच्या पालकांनी वारंवार घसा धरतो अशी जोरदार हकिकत सांगितली पण त्याच्या नोंदी नव्हत्या, अशा ६५ मुलांवर त्यांनी बारकाईने लक्ष ठेवले. पहिल्या वर्षात त्या हकिकतीला साजेसा आजार फक्त ११ मुलांना, म्हणजे १७ टक्क्यांना झाला. हे १९७८ सालचे काम. पालक खोटे बोलत होते असा याचा अर्थ नाही. आजारपणाच्या रात्री लक्षात राहतात, मधले निरोगी महिने राहत नाहीत. साधी सर्दी, दात येतानाचा ताप, खोकल्याने बसलेला घसा, सगळे एकाच खात्यात जमा होते.

डॉक्टरांची नजरही त्याहून बरी ठरलेली नाही. न्यूयॉर्कच्या शाळांतील अकरा वर्षांच्या १००० मुलांची एक पाहणी १९३४ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ६१ टक्के मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या ३९ टक्क्यांना शाळेच्या डॉक्टरांकडे नेले, तेव्हा त्यांतल्या ४५ टक्क्यांना शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला. ज्यांना गरज नाही असे सांगितले होते, ती मुले दुसऱ्या डॉक्टरांपुढे उभी केली. ४६ टक्क्यांना सल्ला मिळाला. त्यातून उरलेली तिसऱ्या डॉक्टरांपुढे, ४४ टक्के. तीन फेऱ्यांनंतर हजारातली ६५ मुले अशी राहिली की ज्यांना कोणी ऑपरेशन सांगितले नव्हते. तिथे पाहणी थांबली, कारण डॉक्टर संपले. मुले बदलत होती, निरोगी मुलांचे प्रमाण फेरीगणिक वाढत होते, तरी सल्ल्याचे प्रमाण जागचे हलले नाही. म्हणजे समोर येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या आसपास मुलांच्या गाठी काढायला हव्यात, हा सवयीचा अंदाज डॉक्टरांच्या डोक्यात होता आणि तोच कागदावर उतरत होता.

इंग्लंडमध्ये ॲलिसन ग्लोव्हर यांनी १९३८ साली मांडलेले चित्र याला जोडून वाचावे असे आहे. शेजारशेजारच्या भागांतल्या शस्त्रक्रियांच्या प्रमाणात कित्येक पटींचा फरक होता आणि मुलांच्या प्रकृतीत त्याचे कारण सापडत नव्हते. लंडनला लागून असलेल्या हॉर्न्सी इथे शाळांचा वैद्यकीय अधिकारी बदलला आणि टॉन्सिलच्या शस्त्रक्रिया एकदम एक दशांशावर आल्या. त्यामुळे मुले जास्त आजारी पडू लागली असे काही घडले नाही. त्या काळी शरीरात कुठेतरी दडलेला संसर्ग सांधेदुखीपासून वेडापर्यंत सगळे घडवतो, असा सिद्धान्त जोरात होता आणि टॉन्सिल हे त्याचे सोपे लक्ष्य होते. सिद्धान्त मागे पडला. ‘गाठी काढून टाका, म्हणजे मूल अंग धरील’ हे वाक्य मात्र मराठी घरांत अजून टिकून आहे.

महाराष्ट्रात या आठवणीच्या घोळात शाळेच्या कॅलेंडरची भर पडते. टॉन्सिलचे ऑपरेशन बहुधा मे महिन्याच्या सुट्टीत उरकले जाते, कारण शाळा बुडत नाही. जून उजाडतो, शाळा भरते, पावसाला सुरुवात होते, खिडक्या बंद केलेल्या वर्गात पन्नास-साठ मुले ओल्या दप्तरांसह बसतात आणि विषाणूंचा हंगाम सुरू होतो. जुलैत मूल घसा धरून घरी येते. ऑपरेशनला दोनच महिने झालेले असतात, त्यामुळे ‘उपयोग झाला नाही’ हा निकाल तिथेच लागतो. याच्या नेमके उलटेही घडते. सात-आठ वर्षांच्या मुलाचे सर्वांत वाईट वर्ष सरले की ऑपरेशन ठरते. पुढचे वर्ष वयामुळे आपसूकच बरे जाणार असते आणि त्याचे सगळे श्रेय ऑपरेशनला मिळते. दोन्ही निकाल कच्चे आहेत. मागच्या बारा महिन्यांची नोंद आणि पुढच्या बारा महिन्यांची नोंद शेजारी ठेवल्यावरच काही म्हणता येते, आणि त्यासाठी लागते ती भिंतीवरची दिनदर्शिका: तारीख, ताप किती, खोकला-सर्दी होती का, डॉक्टरांना घशात काय दिसले, शाळा किती दिवस बुडाली. दुधाचा हिशेब ज्या चौकटीत लिहिला जातो, तिथेच ही नोंद मावते.

शस्त्रक्रियेनंतरच्या घसादुखीचा एक पैलू भारतात विशेष गंभीर आहे. गाठी नसलेल्या घशात स्ट्रेप ओळखणे जास्त अवघड जाते. स्ट्रेपची शक्यता जोखण्यासाठी डॉक्टर जी गुणपद्धत वापरतात, तिच्यात वय, ताप, खोकल्याचा अभाव, मानेच्या पुढच्या दुखऱ्या गाठी आणि टॉन्सिलवरची सूज किंवा पांढरा थर, असे मुद्दे असतात. यातला शेवटचा मुद्दा टॉन्सिलच नसलेल्या मुलाच्या बाबतीत बाद होतो. पांढरे ठिपके नाहीत, घसा नुसता लाल आहे, ताप मध्यम आहे, म्हणजे ‘साधा’ घसा, असे मानले जाते. अशा मुलात अचानक सुरू झालेली घसादुखी, सर्दी-खोकला नसणे, टाळूवर लाल बारीक ठिपके, पोटदुखी किंवा उलटी, आणि अंगावर खरखरीत पुरळ यांना जास्त वजन द्यावे लागते. शंका उरली तर घशाचा नमुना तपासायला द्यावा लागतो; कल्चरला एक-दोन दिवस लागतात आणि झटपट चाचणी अनेक दवाखान्यांत नसते.

इतकी यातायात कशासाठी, तर ऱ्हुमॅटिक फीव्हरसाठी. स्ट्रेपच्या घसादुखीनंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांचे सांधे सुजतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या हृदयाच्या झडपांना कायमची इजा होते. श्रीमंत देशांतून हा आजार जवळपास हद्दपार झाला, भारतात नाही. मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांत मायट्रल झडप आकुंचल्यामुळे धाप लागून येणाऱ्या तरुण बायकांपैकी कित्येकींचा आजार बालपणीच्या अशाच एखाद्या दुर्लक्षित घशात सुरू झालेला असतो. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले तरी ऱ्हुमॅटिक फीव्हर टळतो. त्यासाठी तोंडाने पेनिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिन पूर्ण दहा दिवस, किंवा बेन्झाथिन पेनिसिलिनचे एक इंजेक्शन लागते. टॉन्सिल काढणे हा त्याला पर्याय नाही. एकदा ऱ्हुमॅटिक फीव्हर झालेल्या मुलाचे टॉन्सिल काढले, तरी दर तीन आठवड्यांचे इंजेक्शन चालूच ठेवावे लागते. ‘गाठी गेल्या, आता सुई कशाला’ म्हणून ती बंद करणे धोक्याचे आहे.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे प्रत्येक घशाला ॲझिथ्रोमायसिन. तीन दिवस, दिवसाला एकदा, चवीला गोड, म्हणून हे औषध आपल्याकडे चुटकीसरशी दिले जाते. विषाणूंवर ते चालत नाही. स्ट्रेपवर चालते, पण त्याला न जुमानणारे स्ट्रेप आहेत. पेनिसिलिनला न जुमानणारा अ गटाचा स्ट्रेप मात्र रुग्णांत आजवर आढळलेला नाही. ऐंशी वर्षे वापरात असलेले, स्वस्त आणि अजून न बोथटलेले औषध बाजूला ठेवून महागडे आणि डळमळीत औषध देण्याचे समर्थन पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या मुलापुरतेच करता येते. आणखी एक गुंता असा की निरोगी शाळकरी मुलांपैकी दहातल्या एखाद्याच्या घशात स्ट्रेप नुसता वस्तीला असतो. अशा मुलाला सर्दी झाली आणि नमुना तपासला तर स्ट्रेप सापडतो, औषध दिले जाते, सर्दी आपल्या वेळेने बरी होते आणि वही-खात्यात एक ‘स्ट्रेप’ वाढतो. नाक गळणारे, खोकणारे, आवाज बसलेले मूल या तपासणीला पाठवू नये ते यासाठी.

ऑपरेशननंतर खरोखरच वारंवार घसा धरत असेल, तर आधी घशातच कारणे शोधावी लागतात. खालच्या टोकाशी टॉन्सिलचा तुकडा राहून गेलेला असू शकतो. आजकाल काही ठिकाणी गाठ पूर्ण न काढता तिचे बाहेरचे आवरण आणि थोडे ऊतक राखून ठेवले जाते. त्यात वेदना आणि रक्तस्राव कमी, पण ऊतक पुन्हा वाढण्याची शक्यता थोडी जास्त. जिभेच्या मुळाचा टॉन्सिल किंवा बाजूचे पट्टे फुगतात. मागच्या भिंतीवरचे दाणे लाल होऊन उठून दिसू लागले की आई म्हणते, ‘टॉन्सिल पुन्हा आले’. आले नसतात, जे होते ते नजरेत आलेले असते. नाक बंद असल्याने तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाचा घसा रोज सकाळी कोरडा आणि दुखरा असतो, तिथे उपचार नाकाच्या ॲलर्जीवर करायचा असतो. चुलीचा किंवा सिगारेटचा धूर, पोटातले आम्ल वर येणे, हीही कारणे आहेत, आणि त्यांत जंतूचा संबंध नाही.

एक आजार मात्र संसर्ग नसूनही टॉन्सिल काढल्याने बऱ्याच मुलांत थांबतो. पाच वर्षांखालच्या मुलाला घड्याळ लावल्यासारखा दर तीन-चार-पाच आठवड्यांनी उंच ताप येतो, सोबत घसा लाल, तोंडात छाले, मानेत गाठी. चार-पाच दिवसांत ताप औषधाविना उतरतो आणि मधल्या काळात मूल ठणठणीत असते. १९८७ साली वर्णन झालेला हा आजार प्रतिजैविकांचे कोर्समागून कोर्स खाऊन ‘बरा होणारा’ घसा म्हणून वर्षानुवर्षे मिरवतो. तो ओळखला जातो तापाच्या तारखांवरून, म्हणजे पुन्हा दिनदर्शिकेवरूनच. तसेच, घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे यासाठी केलेल्या ऑपरेशनचा हिशेब घसादुखीत मांडू नये. पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवरच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सुरळीत आली, थांबून पाहिलेल्यांपैकी ४६ टक्क्यांची. अशा मुलाला पुढे सर्दीचा घसा झाला तरी त्याचे ऑपरेशन फसलेले नसते. ते झोपेसाठी केलेले असते.

‘गाठी काढल्याने प्रतिकारशक्ती गेली’ ही भीतीही ऑपरेशननंतरच्या पहिल्या घसादुखीबरोबर डोके वर काढते. टॉन्सिल हा निरुपयोगी अवयव नाही. साधारण चार ते दहा या वयात त्याचे काम जोरात असते आणि वयात आल्यावर तो आक्रसू लागतो. पोलिओच्या साथींच्या काळात नुकतेच टॉन्सिल काढलेल्या मुलांना मेंदूच्या बुडाशी जाणारा घातक पोलिओ जास्त होतो असे दिसले होते, आणि म्हणून साथीच्या हंगामात ही शस्त्रक्रिया टाळत असत. पण ऑपरेशननंतर रक्तातल्या प्रतिपिंडांत होणारी घट थोडी असते आणि रोजच्या आयुष्यात तिचा परिणाम जाणवत नाही. डेन्मार्कमध्ये १९७९ ते १९९९ दरम्यान जन्मलेल्या सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदींचा एक अभ्यास २०१८ साली गाजला. त्यात लहानपणी टॉन्सिल काढलेल्यांत पुढे श्वसनमार्गाच्या वरच्या भागाचे आजार जवळपास तिपटीने आढळले. वर्तमानपत्रांनी ते कार्य-कारण म्हणून छापले. पण ज्यांना मुळात आजार जास्त, त्यांचीच ऑपरेशने होतात. त्यांना पुढेही आजार जास्त असले तर दोष ऑपरेशनचा की मूळ प्रकृतीचा, हे अशा नोंदींवरून सुटत नाही. त्या अभ्यासाचा रास्त उपयोग इतकाच की किरकोळ कारणासाठी ऑपरेशन सुचवणाऱ्याने थोडे थबकावे.

घसादुखीच्या जोडीला वारंवार न्यूमोनिया, कान फुटणे, अंगावर गळवे किंवा वजन न वाढणे असेल, तर प्रश्न घशाचा राहत नाही आणि रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी करावी लागते. घशात राखाडी, चिकट पडदा दिसला आणि तो ओढताच रक्त आले, तर घटसर्पाचा विचार करावा लागतो. लसीकरण अर्धवट राहिलेल्या मुलांत तो महाराष्ट्रातही दिसतो, आणि टॉन्सिल काढलेले आहेत म्हणून त्यातून सूट मिळत नाही. गळू टॉन्सिलच्या शेजारी होण्याची शक्यता ऑपरेशननंतर फार कमी होते, पण घशाच्या मागे आणि मानेच्या खोल भागात ते होऊ शकते. ताप उतरत नाही, मूल लाळ गिळू शकत नाही, मान एका बाजूला धरते, जबडा उघडत नाही किंवा आवाज घोगरा, दबल्यासारखा येतो, अशा वेळी घरच्या गुळण्या आणि उरलेले सिरप बाजूला ठेवून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेले रुग्णालय गाठावे लागते.